वीस मिनिटांचं पाणी

दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. धास्तीरावांचं तोंड कधी भाजलं नव्हतं, तरी ते सगळंच फुंकून प्यायचे. हे नाव त्यांना बायकोनं लग्नाच्या पहिल्याच महिन्यात दिलं. दाराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे, जिना उतरायचे, आणि चौथ्यांदा ओढायला परत वर यायचे. तेव्हा ती खालून म्हणाली होती, चला धास्तीराव, चोरसुद्धा कंटाळून घरी गेला असेल. नाव चिकटलं ते चिकटलंच. आधी मेहुण्यांनी उचललं, मग शेजाऱ्यांनी, आणि पुढं ते इस्पितळापर्यंत कसं पोचलं कोण जाणे.

बरं, त्यांच्या कामात धास्ती हा काही अवगुण नव्हता. अठरा वर्षं ते डायलिसिस विभागात तंत्रज्ञ होते. ज्यांची मूत्रपिंडं थकली अशी माणसं आठवड्यातून तीनदा येऊन चार-चार तास खुर्चीत बसायची, आणि मशीन त्यांचं रक्त बाहेर घेऊन, धुऊन, परत आत सोडायचं. मशीन सगळ्यांना दिसतं. धुवायला पाणी लागतं, ते कुणाला दिसत नाही. ते पाणी सांभाळणं हे धास्तीरावांचं काम. मागच्या खोलीत कोळशानं भरलेल्या दोन उंच टाक्या होत्या. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. ते आपण पितो, आपल्याला काही होत नाही. पण तेच पाणी असल्या मशीनमधून रक्ताला भिडलं तर रक्तातल्या पेशी फुटतात, आणि मग माणूस जातोसुद्धा. कोळसा ते क्लोरीन खातो. तो नीट खातोय ना हे रोज सकाळी बघायचं. टाक्यांपुढच्या नळाचं पाणी इवल्याशा बाटलीत धरायचं, त्यात चिमूटभर पूड टाकायची. पाणी नितळ राहिलं तर ठीक, गुलाबी झालं तर सगळं बंद.

घरापासून इस्पितळ साडेआठ किलोमीटर. कामाची वेळ सकाळी सहाची आणि पहिली बस साडेसहाची, म्हणून सायकल. गेल्या वर्षी एका वादळी सकाळी सायकल घसरली आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. दोन महिने हात गळ्यात बांधून घरी बसावं लागलं. तेव्हापासून आभाळ भरून आलं की आधी खांदा ठणकायचा आणि त्याच्या मागोमाग धास्ती यायची. ढगांचा त्यांना हवामान खात्याच्या आधी पत्ता लागतो, असं बायको म्हणायची.

त्या आठवड्यात तीन दिवस पाऊस आणि वारा चालू होता. सोमवारी संध्याकाळी हाताखालची मुलगी आपण होऊन म्हणाली, काका, उद्या जोर आणखी वाढणार म्हणतात, तुम्ही सायकलवरून येऊ नका, सकाळचं मी चालू करते, तुम्ही बस सुरू झाली की या. सगळा विभाग तिला धाकटी म्हणायचा. चार महिन्यांपूर्वी लागली होती आणि इस्पितळाच्या मागच्याच वसतिगृहात राहायची. धास्तीरावांनी नको नको म्हणून घेतलं, पण ते वरवरचं. आतून त्यांना हायसं वाटलं होतं. घरी येऊन त्यांनी बायकोला तीनदा सांगितलं की पोरगी गुणाची आहे, आणि वर्षभरात झोपले नसतील इतके गाढ झोपले.

मंगळवारी सवयीनं पाचला जाग आली. बाहेर वारा नुसता थैमान घालत होता, पत्रे वाजत होते, आणि आपल्याला कुठं जायचं नाही या विचारानं ते पांघरुणात पाय आखडून पाच मिनिटं मजेत पडून राहिले. मग उठले, चूळ भरायला नळ सोडला, आणि ओंजळ तोंडाशी नेताना त्यांना वास आला.

क्लोरीनचा वास. एरवीही थोडा यायचा, पण हा नाकात झोंबत होता. त्यांनी ओंजळ सोडून दिली, पुन्हा भरली, पुन्हा हुंगली. तीन दिवसांच्या पावसानं तलाव गढूळ झाला होता आणि पाणीवाल्यांनी औषध वाढवलं होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण हेच पाणी आता इस्पितळाच्या नळाला असणार, आणि कोळसा बदलून सहा महिने होत आले होते. एवढं सगळं क्लोरीन खायची ताकद त्यात उरली असेल की नाही, हे बाटलीत पूड टाकल्याशिवाय कळणार नव्हतं.

मग काय झालं, धाकटी बघेलच की. रोज बघतात तसं बघेल, गुलाबी दिसलं तर बंद करेल. असं स्वतःला समजावून ते चहा ठेवायला वळले आणि तिथंच थबकले, कारण त्यांना आठवलं की धाकटी कसं बघते.

पाणी बघायचा एक नियम आहे. रात्रभर टाकीत तुंबून राहिलेलं पाणी कोळशाला चिकटून असतं. कोळसा कितीही दमलेला असो, रात्रभरात त्यातलं क्लोरीन खाऊन टाकतोच. त्यामुळे सकाळी नळ सोडल्याबरोबर धरलेलं पाणी नेहमी नितळ निघतं, धडा पाठ करून आलेल्या पोरासारखं पहिल्या प्रश्नाला बिनचूक उत्तर देतं. खरं पाणी त्याच्या मागून येतं. म्हणून आधी वीस मिनिटं पाणी वाहू द्यायचं आणि मग बाटली भरायची. हा नियम धास्तीरावांनी धाकटीला पहिल्याच दिवशी सांगितला होता, दोनदा सांगितला होता.

पण त्याच आठवड्यात एका सकाळी समोरून वारा होता आणि ते अर्धा तास उशिरा पोचले. बाहेर माणसं ताटकळलेली. घाईघाईत त्यांनी नळ सोडला, बाटली भरली, पूड टाकली, नितळ, चल, सुरू कर. धाकटी शेजारी उभी राहून बघत होती. काही झालं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा तसंच झालं. मग आणखी एकदा. कुलूप चारदा ओढणारा माणूस, पण खांदा मोडल्यापासून वाऱ्याच्या दिवशी तो सायकल हळू चालवायचा, उशिरा पोचायचा, आणि राहिलेली वीस मिनिटं पाण्यातून वसूल करायचा. मनात डाचायचं, पण बोलणार कुणाशी? आणि काही होत नाही म्हटल्यावर डाचणंही हळूहळू कमी झालं होतं. पोरं आपण सांगतो ते शिकत नाहीत, आपण करतो ते शिकतात. गेल्या महिन्यात धाकटीला नळ सोडल्या सोडल्या बाटली भरताना त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं आणि तोंड उघडलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार?

त्यांनी फोन उचलला. फोन मेलेला. बायकोचाही मेलेला. रात्रीच्या वाऱ्यात टॉवर पडला होता की काय झालं होतं, सगळ्या चाळीत कुणाचाच लागेना. समोरच्या टॅक्सीवाल्याचं दार त्यांनी ठोठावलं. तो बिचारा लगेच उठला, पण बाहेर येऊन बघतात तर गल्लीच्या तोंडाशी झाड आडवं पडलेलं. काका, गाडी उडवत नेऊ का आता, असं म्हणून तो जांभई देत परत आत गेला. झाडावरून उचलून पलीकडं नेता येईल अशी एकच गोष्ट होती, आणि ती जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

धास्तीरावांनी रेनकोट घातला. दारापर्यंत गेले. वाऱ्यानं दार हातातून ओढून घेतलं आणि धाडकन भिंतीवर आपटलं, तसा त्यांचा खांदा ठणकला. त्यांनी दार लावून घेतलं, रेनकोट काढला, खुर्चीवर बसले. धाकटी शहाणी आहे, वास तिलाही येईल, मग ती थांबेल वीस मिनिटं. पण वसतिगृहाचं पाणी वरच्या टाकीतून येतं, दोन दिवसांचं जुनं. तिला वास येणार कुठून? ते उठले, एक बूट चढवला. पुलाखालच्या रस्त्यावर पाणी असणार. खड्डा दिसणार नाही. पडलो, डोक्यावर पडलो, तर इस्पितळातही नाही आणि घरीही नाही, मध्येच कुठंतरी. त्यांनी बूट काढला. घड्याळात पाच पंचवीस झाले होते.

बायको दारात उभी राहून हे बघत होती. तिनं आधी चेष्टा केली, मग आवाज चढवला. गेल्या वर्षी दोन महिने तिनंच त्यांना घास भरवले होते, सदऱ्याची बटणं लावली होती, आणि ऑफिसातनं रजा मिळेना तेव्हा रडलीही होती. या वयात पुन्हा हाड मोडलं तर जुळायचं नाही, हे डॉक्टरनं तिच्या देखत सांगितलं होतं. ती म्हणाली, तुमच्या धास्तीपायी एक दिवस माझा जीव जाईल. मुलगी शिकलेली आहे, तिला सगळं येतं, कालच तर तिचं एवढं कौतुक केलंत.

"तिला तुम्हीच शिकवलंत ना?" ती म्हणाली.

"मीच शिकवलं," धास्तीराव म्हणाले. "तेच तर चुकलं."

आणि मग त्यांनी तिला सांगितलं. उशीर, वारा, बाटली, वीस मिनिटं, सगळं. सांगताना नजर फरशीवर होती. अठरा वर्षांत घरी त्यांनी कामातली चूक कधी सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखी केलीच नव्हती, असं त्यांना वाटायचं. बायको स्वयंपाकघरात गेली आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि सुतळी घेऊन आली. खाली बसून तिनं त्यांच्या पायांना बुटांवरून पिशव्या बांधल्या, एकदा बांधून सोडल्या, पुन्हा घट्ट बांधल्या. पुलापाशी उतरून चालत जा, एवढंच म्हणाली.

तो रस्ता पुढं कित्येक दिवस त्यांच्या डोक्यातून गेला नाही. झाडावरून सायकल पलीकडं नेताना रेनकोट फांदीत अडकून काखेत फाटला. वारा समोरून नव्हता, बाजूनं होता, आणि तो जास्त वाईट, कारण मध्येच थांबायचा आणि तोल सावरलेला माणूस उलट्या बाजूला कलंडायचा. पेट्रोलपंपाजवळ ते तसेच कलंडले, पण पाय टेकला, वाचले. चष्म्यावर पाणी म्हणून चष्मा खिशात टाकला, तर पुढचं काहीच दिसेना, म्हणून परत लावला. पुलाखाली गुडघाभर पाणी होतं. तिथं उतरून ते सायकल ढकलत निघाले. पिशव्या पाण्यानं भरून जड झाल्या. एकेक पाऊल चाचपत टाकायचं, आणि डोक्यात मात्र घड्याळ पळत होतं. सहा वाजले, आता तिनं नळ सोडला असेल. आता बाटली भरली असेल. सव्वासहा, मशीनं धुवायला लावली असतील. साडेसहा, लोक यायला लागले असतील. पावणेसात. देवा, एवढं आज सांभाळ, असं ते म्हणत होते. देवाला असलं काही मागायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे मागतानाही संकोच वाटत होता.

सात वाजून पाच मिनिटांनी ते विभागाच्या दारात पोचले. सायकल पोर्चमध्ये कुणाच्या तरी पायावर पडली, तिकडं त्यांनी बघितलंही नाही.

आत चार खुर्च्यांपैकी तीन रिकाम्या होत्या. वादळामुळे बाकीच्यांना उशीर झाला होता. त्यांच्यापैकी मास्तरीणबाई तेवढ्यात येऊन बाहेरच्या बाकावर छत्री निथळत बसल्या होत्या. पण चौथ्या खुर्चीत शिंपीदादा होता. तो इस्पितळासमोरच राहायचा आणि पहिला नंबर कधी सोडायचा नाही. त्याच्या दंडात सुया होत्या, नळ्यांतून रक्त फिरत होतं, आणि धाकटी शेजारी उभी राहून त्याचा रक्तदाब लिहून घेत होती.

"नळ सोडल्यावर किती वेळ थांबलीस?" धास्तीरावांनी विचारलं.

ती त्यांच्याकडं बघतच राहिली. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, पायाला पिशव्या. "थांबले नाही," ती म्हणाली. "तुम्ही करता तसंच केलं. नितळ होतं, काका."

त्यांनी जाऊन मशीनचा पंप बंद केला आणि दोन्ही नळ्यांना चिमटे लावले. मग मागच्या खोलीत गेले. तासभर मशीनं चालू होती, म्हणजे आता वाहत होतं ते खरं पाणी. हात इतके गारठले होते की पुडीचं टोक त्यांना फाडता येईना. धाकटीनं ती फाडली. पूड पाण्यात पडली आणि पाणी गुलाबी झालं. फिकं होतं, पण गुलाबीच. दोघंही एकमेकांकडं न बघता बाटलीकडं बघत राहिले.

पुढचे दोन तास कसे गेले ते सांगत बसण्यात अर्थ नाही. डॉक्टर आले. शिंपीदादाचं रक्त तपासायला गेलं. नळ्यांत होतं तेवढं, पेलाभर रक्त, परत आत देता येणार नव्हतं. ज्याच्या अंगात आधीच रक्त कमी, त्याचं पेलाभर टाकून द्यायचं म्हणजे काय ते धास्तीरावांना पुरतं ठाऊक होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं टाकलं. मग स्टूल ओढून ते शिंपीदादाजवळ बसले. छातीत दुखतंय का, पाठीत कळ येते का, श्वास कसा आहे, हे दर पाच मिनिटांनी विचारत राहिले. शेवटी तो वैतागला. म्हणाला, काका, मशीननं नाही मेलो तर तुमच्या प्रश्नांनी मरेन. पण धास्तीरावांना हसू आलं नाही. त्यांनी त्याला सरळ सांगितलं की पाणी तपासताना चूक झाली, ती माझी आहे, या मुलीनं माझं बघून केलं. शिंपीदादानं ऐकून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. नऊ वाजता रक्ताचा रिपोर्ट आला. बरा होता. दहाच मिनिटं पाणी लागलं होतं, म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. अर्धा तास गेला असता तर काय, हे ते बोलले नाहीत आणि कुणी विचारलंही नाही.

नव्या कोळशाची टाकी जोडायला माणूस आला होता. मागच्या खोलीत त्याची ठोकठोक चालू होती. ती जोडून झाली, पाणी सोडलं, आणि आता वीस मिनिटं थांबायचं होतं. धास्तीराव आणि धाकटी टाकीजवळच्या पायरीवर बसले. वाहत्या पाण्याचा आवाज येत होता. धास्तीरावांच्या अंगावर इस्पितळाचा कोरडा झगा होता, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ते भिंतीला पाठ टेकून बसले होते. माणूस वाचला होता. वेळेवर पोचलो, असं त्यांनी मनातल्या मनात म्हणून घेतलं.

"काका," धाकटी म्हणाली, "गुरुवारी तुमची सुट्टी असते. गुरुवारी मीच चालू करते."

"हो."

"सोळा गुरुवार झाले. दर गुरुवारी मी असंच बघितलं. आल्या आल्या, लगेच." ती हळू बोलत होती. "त्या दिवसांचं पाणी कसं असेल?"

गुरुवार हा एकच दिवस धास्तीराव सातपर्यंत झोपायचे. बायको म्हणायची, गुरुवारी तुमचा चेहरा वेगळाच असतो. सोळा गुरुवार, चार चार खुर्च्या. कुणाला त्या दिवसानंतर थकवा आला असेल, कुणाला धाप लागली असेल, आणि सगळ्यांनी म्हटलं असेल, वय झालं, हवा बदलली. त्यांनी स्वतःही कुणाकुणाला तसंच सांगितलं होतं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "आणि आता कळणारही नाही."

धाकटी रडायला लागली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण रडू नको असं म्हणाले नाहीत. वीस मिनिटं पुरी झाली. तिनं डोळे पुसून बाटली भरली, पूड टाकली आणि उजेडात धरली. पाणी नितळ होतं. त्यांनी आणखी पाच मिनिटं थांबून पुन्हा बघायला लावलं.

मग ते बाहेर गेले. मास्तरीणबाई अडीच तास बाकावर बसून होत्या. त्यांचे वार मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्यांना वाटलं, आत बोलवायला आले, म्हणून त्या छत्री घेऊन उठायला लागल्या. धास्तीरावांनी त्यांना बसायला सांगितलं आणि स्वतःही शेजारी बसले.

"बाई," ते म्हणाले, "मागच्या महिन्यात एका गुरुवारी तुमची पाठ फार दुखली होती. शनिवारी तुम्ही मला विचारलंत, आणि मी म्हटलं, खुर्चीतली उशी बदलून बघा."

"हो, मग मी घरनं आणली की नवी," बाई म्हणाल्या. पिशवीतून तिचं टोक बाहेर दिसत होतं. "का हो?"

"पाठ कदाचित उशीमुळे नव्हती दुखत."

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला घेतला. "मग कशानं?" त्यांनी विचारलं.

धास्तीराव सांगायला लागले.